एकसष्टचे उत्तर : १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा इतिहास

१,७६,६३,१९,०४९, म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास, ही दहा अंकी संख्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात एका उदाहरणाचे उत्तर म्हणून येते. ग्रंथ शके १०७२ चा, म्हणजे इ.स. ११५० चा. उदाहरण ऐकायला साधे आहे : कोणत्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा वर्गसंख्याच मिळते? आजच्या चिन्हांत लिहायचे तर ६१क्ष² + १ = य². क्ष शून्य घेतला तर य एक येतो, पण ते उत्तर कोणीच उत्तर मानत नाही. ते सोडून सर्वांत लहान पूर्णांक उत्तर शोधू लागले की क्ष येतो २२,६१,५३,९८० आणि य येतो १,७६,६३,१९,०४९. याहून लहान जोडी अस्तित्वात नाही.

६१ च्या शेजारच्या संख्या अशा छळत नाहीत. ६० घेतल्यास क्ष = ४ आणि य = ३१ : सोळाला साठाने गुणून एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतल्यास क्ष = ८ आणि य = ६३. ६३ साठी तर क्ष = १ पुरतो. त्यांच्या मधोमध असलेल्या ६१ चे उत्तर मात्र एकदम कोटींच्या घरात जाते. शंभराच्या आतल्या कोणत्याही गुणकाचे लघुतम उत्तर एवढे मोठे नाही. एकेक संख्या घेऊन पाहणाऱ्याला बावीस कोटींहून अधिक वेळा करून पाहावे लागेल आणि तोवर एकदाही यश येणार नाही. भास्कराचार्यांनी उदाहरणासाठी ६७ आणि ६१ हे गुणक निवडले. ६७ चे उत्तर ५,९६७ आणि ४८,८४२ असे आटोपशीर आहे. लागलीच पुढे ६१ ठेवण्यात शिक्षकाची जाणीवपूर्वक निवड दिसते, कारण पद्धतीचे खरे बळ याच गुणकावर कळते.

अशा प्रश्नांना भारतीय गणितात ‘वर्गप्रकृति’ म्हणत. गुणक ती प्रकृती, लहान मूळ ते कनिष्ठ, मोठे मूळ ते ज्येष्ठ आणि मिळवायची किंवा वजा करायची संख्या तो क्षेप. या प्रश्नांचे नाते वर्गमुळांशी आहे. प्रकृतीचे वर्गमूळ अपूर्णांकाने दाखवायचे असेल, तर ज्येष्ठाला कनिष्ठाने भागून मिळणारी किंमत अतिशय जवळची असते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात दोनच्या वर्गमुळासाठी दिलेली किंमत एकत्र केली की ५७७ छेद ४०८ होते, आणि ५७७ चा वर्ग हा ४०८ च्या वर्गाच्या दुपटीहून बरोबर एकाने मोठा आहे. बौधायनाला हे समीकरण म्हणून ठाऊक होते असे यावरून म्हणता येणार नाही. पण ज्या गरजेतून हा विषय वाढला, ती गरज तिथे दिसते.

विषयाला पद्धतीचे रूप दिले ब्रह्मगुप्ताने. त्याचा ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ इ.स. ६२८ चा. त्यात ‘भावना’ नावाची क्रिया आहे. एकाच प्रकृतीची दोन उत्तरे हाताशी असली, मग त्यांचे क्षेप वेगवेगळे का असेनात, तर त्यांच्यापासून तिसरे उत्तर तयार करता येते. एकाचे कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठाने असा तिरकस गुणाकार दोन्ही बाजूंनी करून बेरीज घेतली की नवे कनिष्ठ मिळते. दोन कनिष्ठांचा गुणाकार प्रकृतीने गुणून त्यात दोन ज्येष्ठांचा गुणाकार मिळवला की नवे ज्येष्ठ मिळते. नवा क्षेप हा जुन्या दोन क्षेपांचा गुणाकार असतो. उत्तरांपासून उत्तर घडवण्याची ही कल्पना आजच्या बीजगणिताच्या मध्यभागी आहे, आणि ती सातव्या शतकात इतकी स्वच्छ मांडलेली पाहून थक्क व्हायला होते.

ब्रह्मगुप्ताने ९२ ही प्रकृती घेऊन उदाहरण दिले आणि ते वर्षभरात सोडवील तो गणक, असेही म्हटले. त्याच्या रीतीने मात्र ते चार ओळींत सुटते. ९२ मध्ये ८ मिळवले की १००, म्हणून कनिष्ठ १, ज्येष्ठ १०, क्षेप ८. या त्रिकुटाची स्वतःशीच भावना केली की २०, १९२ आणि क्षेप ६४. दोन्ही मुळे आठाने भागली की अडीच, चोवीस आणि क्षेप १. पुन्हा एकदा स्वतःशी भावना केली की अपूर्णांक जाऊन १२० आणि १,१५१ हे उत्तर मिळते. क्षेप १, २ किंवा ४ असेल, मग तो धन असो वा ऋण, तर त्यातून १ क्षेपाकडे कसे जायचे हे ब्रह्मगुप्ताने पक्के करून ठेवले होते. कोणत्याही प्रकृतीसाठी अशा सोयीच्या क्षेपापर्यंत नेमके कसे पोहोचायचे, हा प्रश्न त्याने सोडवला नाही. ६१ मध्ये ३ मिळवले की ६४ होतात, पण क्षेप ३ घेऊन त्याची रीत पुढे सरकत नाही.

ती उणीव ‘चक्रवाल’ या पद्धतीने भरून निघाली. भास्कराचार्यांनी हे नाव पूर्वीच्या गणितज्ञांचे म्हणून दिले आहे, स्वतःचे म्हणून नाही. हे पूर्वीचे कोण, याचे उत्तर फार उशिरा मिळाले. उदयदिवाकर नावाच्या टीकाकाराने इ.स. १०७३ मध्ये ‘लघुभास्करीय’ या ग्रंथावर ‘सुन्दरी’ टीका लिहिली. तीत जयदेव या गणितज्ञाचे श्लोक उद्धृत केले आहेत आणि त्यांत चक्रवालाची पूर्ण रीत आहे. लखनौचे कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये हे श्लोक प्रकाशात आणले. तेव्हापासून पद्धतीचा मान जयदेवाकडे आणि तिच्या सुबक मांडणीचा मान भास्कराचार्यांकडे जातो, आणि ते न्याय्य आहे.

रीत अशी. हाताशी असलेल्या त्रिकुटासाठी एक गुणक निवडायचा. कनिष्ठाला त्याने गुणून ज्येष्ठ मिळवले असता बेरजेला क्षेपाने निःशेष भाग गेला पाहिजे, ही पहिली अट. त्या गुणकाचा वर्ग प्रकृतीच्या शक्य तितका जवळ असला पाहिजे, ही दुसरी. पहिल्या अटीसाठी कुट्टक नावाची जुनी रीत तयारच होती. भागाकार येतो ते नवे कनिष्ठ. गुणकाचा वर्ग आणि प्रकृती यांतले अंतर जुन्या क्षेपाने भागले की नवा क्षेप. दुसऱ्या अटीमुळे क्षेप लहानच राहतात आणि चक्र फिरत फिरत क्षेप १ पाशी येते.

आता ६१. आरंभ कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३ असा. गुणकात ८ मिळवल्यावर तिनाने भाग जायला हवा, म्हणून गुणक ४, ७, १० यांपैकी. त्यांचे वर्ग १६, ४९ आणि १००, त्यांत ६१ ला जवळचा ४९, म्हणून ७. सात आणि आठ पंधरा, तिनाने भागून ५ हे नवे कनिष्ठ. ४९ उणे ६१ म्हणजे उणे १२, तिनाने भागून क्षेप उणे ४. ज्येष्ठ ३९ येते. पडताळा पाहता २५ ला ६१ ने गुणून १,५२५, त्यातून ४ वजा करून १,५२१, आणि ३९ चा वर्गही तोच.

चक्राचा हा एकच फेरा झाला आणि क्षेप चारवर आला, म्हणजे ब्रह्मगुप्ताच्या हद्दीत. भास्कराचार्य इथे चक्र थांबवतात. दोन्ही मुळे दोनाने भागून ५/२ आणि ३९/२ ही मुळे आणि क्षेप उणे १ असे त्रिकूट ते घेतात. त्याची स्वतःशी भावना केली की १९५/२, १,५२३/२ आणि क्षेप १. उत्तर आले, पण अपूर्णांकात. या नव्या त्रिकुटाची मूळच्या अर्ध्याअर्ध्यांशी भावना केली की अपूर्णांक निघून जातात : कनिष्ठ ३,८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप उणे १. शेवटी या जोडीची स्वतःशी भावना. कनिष्ठ म्हणजे ३,८०५ आणि २९,७१८ यांच्या गुणाकाराची दुप्पट, २२,६१,५३,९८०. ज्येष्ठ म्हणजे ६१ गुणिले ३,८०५ चा वर्ग अधिक २९,७१८ चा वर्ग, अर्थात ८८,३१,५९,५२५ आणि ८८,३१,५९,५२४ यांची बेरीज : १,७६,६३,१९,०४९.

या शेवटच्या पायरीत संख्येचे सारे गुणधर्म दडलेले आहेत. ती दोन लागोपाठच्या संख्यांची बेरीज आहे. त्यांतली लहान संख्या पूर्ण वर्ग आहे आणि मोठी ही वर्गाची एकसष्टपट. म्हणून १,७६,६३,१९,०४९ मधून एक वजा केला तर २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट उरते, आणि एक मिळवला तर ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट होते. संख्या स्वतः मूळ संख्या नाही. तिला ११ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार १६,०५,७४,४५९ येतो. कनिष्ठाने भागल्यावर तिच्यापासून ६१ चे वर्गमूळ दशांशचिन्हानंतरच्या सतरा अंकांपर्यंत अचूक मिळते : ७.८१०२४९६७५९०६६५४३९. अठराव्या स्थानी मात्र खऱ्या वर्गमुळात ४ आहे आणि या अपूर्णांकात ५.

तिचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१ असा एकोणीस अंकी आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या यादीत अब्ज हे दहावे स्थान, म्हणून उत्तर यादीत सहज बसते. त्याचा वर्ग मात्र यादीच्या बाहेर एक घर जातो. तो करण्याची गरजच पडत नाही, हे भावनेचे वैशिष्ट्य. पायऱ्या बरोबर असल्या की उत्तर बरोबर असते, आणि शेवटच्या पायरीपर्यंत मिळणारी मुळे पाच अंकांपलीकडे जात नाहीत.

उत्तर एवढे मोठे का, हेही यावरून समजते. ६१ ही चाराने भागल्यास १ बाकी उरणारी मूळ संख्या आहे. अशा प्रत्येक मूळ संख्येसाठी उणे १ क्षेपाचे उत्तर असतेच, आणि अधिक १ क्षेपाचे लघुतम उत्तर त्याच उत्तराची स्वतःशी भावना करून मिळते. त्या क्रियेत अंकांची संख्या जवळजवळ दुप्पट होते. २९,७१८ हे पाच अंकी, म्हणून उत्तर दहा अंकी.

हे गणित पुढे शिकवले कसे गेले, याची एक खूण खानदेशात आहे. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड असे सांगितले आहे. ते कोणते यावर मतभेद असले, तरी चाळीसगावजवळचे पाटणे हा त्यांतला सर्वांत वजनदार दावा आहे. तिथल्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले, आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणे येथे मठ काढला, असे लेख सांगतो. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमारास, मठाला दान दिले. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत असला तरी दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. बाजारात विक्रीला येणाऱ्या मालावरचे राजाकडचे उत्पन्न मठाला, आणि दर घाण्यामागे पळी पळी तेल. गणिताच्या अध्ययनासाठी गावच्या बाजारपेठेवर अशी व्यवस्था लावून दिल्याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच सापडतो, आणि मराठी वाचकाने तो शिलालेख आपल्या भाषेच्या इतिहासाइतकाच गणिताच्या इतिहासाचाही मानावा.

मठ पुढे किती काळ चालला याची नोंद लेखात असणे शक्य नाही, पण ग्रंथ वाचला जात राहिला. नारायण पंडिताने १३५६ मध्ये ‘गणितकौमुदी’त ९७ आणि १०३ या प्रकृती चक्रवालाने सोडवून दाखवल्या. गोदातीरावरच्या पार्थपूरच्या सूर्यदासाने १५३८ मध्ये ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ टीका लिहिली. मूळच्या विदर्भातल्या आणि काशीला जाऊन राहिलेल्या घराण्यातल्या कृष्ण दैवज्ञाने १६०० च्या सुमारास ‘बीजपल्लव’ रचला आणि भावनेची उपपत्ती सविस्तर दिली. शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी याने ‘बीजगणित’ फारसीत नेले.

त्यानंतर वीसेक वर्षांतच ही संख्या युरोपात दुसऱ्यांदा उगवली. फेब्रुवारी १६५७ मध्ये पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने फ्रेनिकल या दुसऱ्या गणितज्ञाला पत्र लिहून हाच प्रश्न घातला आणि फार त्रास नको म्हणून लहान संख्या देतो असे सांगून ६१ आणि १०९ हे गुणक दिले. १०९ चे मोठे मूळ १५८०७०६७१९८६२४९ असे पंधरा अंकी आहे. फर्माला उत्तरांचा आकार पुरेपूर माहीत होता, यात शंका उरत नाही. भारतीय पद्धत त्याच्यापर्यंत पोहोचली होती असे दाखवणारा पुरावा नाही. दोन ठिकाणी, पाचशे वर्षांच्या अंतराने, दोन गणितज्ञांची नजर त्याच गुणकावर थांबली, कारण शंभराच्या आत याहून कठीण गुणकच नाही.

आव्हान इंग्लंडला गेले. विल्यम ब्राउंकर याने आधी अपूर्णांकातले उत्तर दिले. फर्माने पूर्णांकच हवेत असे बजावल्यावर त्याने पूर्णांकाची रीत शोधली, आणि जॉन वॉलिस याने १६५८ मध्ये हा सारा पत्रव्यवहार छापला. फ्रेनिकलने १५० पर्यंतच्या गुणकांची उत्तरे काढली होती. त्याने ३१३ पुढे करताच ब्राउंकरने तेही एकदोन तासांत सोडवले. पुढे ऑयलरने १७३० च्या सुमारास या समीकरणाला चुकून जॉन पेल याचे नाव दिले. पेलचा याच्याशी फारसा संबंध नव्हता, तरी जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते ‘पेलचे समीकरण’ म्हणूनच रूढ आहे. ब्रह्मगुप्ताचे नाव त्याला द्यावे ही मागणी रास्त आहे.

ऑयलर आणि लाग्रांज यांनी हा प्रश्न वितत अपूर्णांकांना जोडला. ६१ च्या वर्गमुळातून पूर्णांक काढून घ्यायचा, उरलेल्या भागाचा व्यस्त घ्यायचा, त्यातला पूर्णांक काढायचा, असे करत गेले की आधी ७ आणि मग १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १, १४ असे अंक येतात व हेच अकरा पुन्हा पुन्हा येत राहतात. पहिले आवर्तन संपता २९,७१८ छेद ३,८०५ मिळतो, दुसरे संपता १,७६,६३,१९,०४९ छेद २२,६१,५३,९८०. गुणक पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर असतेच, याची सिद्धता लाग्रांजने १७६८ मध्ये दिली. फर्माने सिद्धता आहे असे म्हटले होते, पण लिहून ठेवली नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथातही चक्र प्रत्येक वेळी एकावर येऊन थांबेलच याची सिद्धता नाही. पद्धतीचा मान आणि सिद्धतेचा मान वेगळे मोजले, तर दोघांवरही अन्याय होत नाही.

कोलब्रूकने १८१७ मध्ये ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांची बीजगणिते इंग्रजीत आणली, तेव्हा युरोपला ६१ चे जुने उत्तर दिसले. १८७४ मध्ये हेरमान हांकेल या जर्मन इतिहासकाराने लाग्रांजपूर्वीच्या संख्यासिद्धान्तातले सर्वांत सुंदर काम म्हणून चक्रवालाचा गौरव केला. तरी पद्धत नेहमी यशस्वी का होते, हे म्हैसूरचे ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये सिद्ध करेपर्यंत उघड झाले नव्हते. ती लाग्रांजच्या रीतीची नक्कल नसून वेगळ्या, आखूड वाटेने जाते, हेही त्यांनी दाखवले. ६१ साठी वितत अपूर्णांकांच्या वाटेने बावीस पायऱ्या लागतात. भावनेची मदत न घेता नुसते चक्र फिरवले, तर क्षेप ३, उणे ४, उणे ५, ५, ४, उणे ३ असे बदलत सातव्या पायरीला उणे १ येतो आणि चौदाव्या पायरीला १. भास्कराचार्यांनी केले तसे उणे ४ पाशीच चक्र सोडून भावना धरली, तर त्यानंतर तीन भावनांत काम संपते.